सुरुवात कुणापासून

“मॅडम, या ना, हितं बसा,” असं म्हणत गोपिकाबाईनं शेअर रिक्षातली आपली मांडी आवरली, मांडीवरचं बोचकं पोटाशी ओढलं आणि दैवशालासाठी जागा केली. दैवशालाचा एक पाय रिक्षात होता, एक अजून चंदनझिऱ्याच्या धुळीत. त्या एका शब्दानं ती तशीच अडकून राहिली. मागून कुणीतरी “ताई, बसा की जल्दी” म्हटलं, रिक्षावाल्यानं मूठ पिळून आवाज केला, तेव्हा ती बसली. गोपिकाबाईच्या दंडाला दंड लागला. कित्येक वर्षं बियाण्याच्या कारखान्यात, निवडणीच्या शेडमध्ये, ती याच दंडाला दंड लावून बसत आली होती. तोच दंड, थोडा वाळलेला, तसाच गार. त्या शब्दात टोमणा असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. टोमणा झेलता येतो, त्याला उत्तर देता येतं, निदान मान तरी खाली घालता येते. पण गोपिकाबाईनं तो शब्द अगदी सहज उच्चारला होता. दुकानदाराला शेठ म्हणावं, कंडक्टरला मास्तर म्हणावं, इतक्या सहज. जणू ती दैवशालाला पहिल्यापासून मॅडमच म्हणत आली होती, आणि ‘दैवशे’ अशी हाक शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मारणारी बाई दुसरीच कुणीतरी होती.

दैवशे. ही हाक तिला पहिल्यांदा ऐकू आली ती लग्न होऊन केदारखेड्याहून जालन्याला आली तेव्हा. नवरा धर्मराज लोखंडाच्या मिलमध्ये लागलेला, एका खोलीचं घर, आणि दारात उभं राहिलं की डोळ्यांत मिलची काजळी जायची. माहेरी सकाळी अंगणात उतरलं की ओल्या मातीचा वास यायचा. इथं तापल्या लोखंडाचा. शेजारच्या खोलीत गोपिकाबाई. तिची माणसं घनसावंगीकडची, मेंढरं राखणारी; ती स्वतः लहानपणी कळपामागं फिरलेली. तिनं आठवडाभर या नव्या पोरीला दारात डोळे चोळताना पाहिलं आणि एके सकाळी म्हणाली, “दैवशे, रडून का काजळी जाती? डोळे पूस अन् चल माझ्यासंगं.” अशी ती कारखान्यात गेली. लांबलचक पत्र्याची शेड, खाली चटया, चटयांवर मक्याच्या, भेंडीच्या, कापसाच्या बियाचे ढीग, आणि ढिगांमागं बायकाच बायका. फुटकं बी, किडकं बी, रंग उडालेलं बी बाजूला काढायचं. दिवसभर. संध्याकाळी नखांच्या कडा औषधाच्या रंगानं गुलाबी व्हायच्या आणि त्या गुलाबी नखांनी ती भाकरी थापायची. पहिल्या दिवशी तिची पाठ भरून आली तेव्हा गोपिकाबाईनं न बोलता आपलं गुडघ्याखालचं पोतं काढून तिच्या पाठीला लावलं होतं. एवढंच. पण दैवशालाला ते पोतं अजून पाठीला जाणवत होतं, रिक्षाच्या फाटक्या रेग्झिनमधून.

“कुठं चालल्या, मॅडम?” गोपिकाबाईनं विचारलं.

“कार्यक्रम हाय एक,” दैवशाला म्हणाली. मग तेवढ्यानं भागणार नाही असं वाटून म्हणाली, “यांच्या गाडीचं चाक बसलं. म्हणून रिक्षानं.”

“बराबर हाय. नवी साडी नेसल्या म्हणून इचारलं.”

“तुम्ही?” दैवशालाच्या तोंडून निघून गेलं, आणि तो ‘तुम्ही’ दोघींच्या मध्ये तिसऱ्या बाईसारखा बसला.

“लग्नाचा सैपाक. पोळ्या लाटायला जाते आता. मंगल कार्यालयवाले बोलवून नेतात, तिथी असली की.” तिनं हात पालथे करून दाखवले. नखं पांढरी झाली होती. गुलाबी रंग कुठंच नव्हता. “बियाचा रंग गेला पहा. मी म्हणत होते ह्यो मेल्यावरच जाईल.” आणि ती हसली. समोरच्या बाकावरची दोन कॉलेजची पोरं मोबाईलमध्ये होती. रिक्षा खड्ड्यातून गेली, सगळे एकदम उडाले, एकदम खाली आले. दैवशालानं पर्समधला भाषणाचा कागद हाताला लागतो का ते चाचपलं आणि लगेच हात काढून घेतला, जणू गोपिकाबाईला पर्सच्या आतलं दिसत होतं.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘रोजच्या कामातलं नेतृत्व’. जिल्ह्यातले छोटे-मोठे कारखानदार, त्यांची पोरं, त्यांचे मॅनेजर असे जमणार होते, आणि राधेश्यामशेठनं तिचं नाव दिलं होतं. राधेश्यामशेठ म्हणजे तिच्या कारखान्याचे मालक. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर दैवशालाला आयुष्यातलं बरंच काही सोपं गेलं असतं. शेडमध्ये यायचे तेव्हा चपला बाहेर काढून यायचे, बी म्हणजे लक्ष्मी म्हणून. ते बायकांना अहो-जाहो करायचे. दैवशालाला त्यांनी मुकादम केलं तेव्हाही आधी गोपिकाबाईला विचारलं होतं, कारण शेड चालायची ती तिच्यावर. गोपिकाबाई म्हणाली होती, “मला कशाला? मला अक्षर वळखू येत न्हाई. दैवशीला करा. ती धाव्वी पास हाय, अन् माझं ऐकती.” सगळ्या बायका हसल्या होत्या, शेठही हसले होते, आणि दैवशाला त्या हसण्यात लाजून उभी होती. नंतर शेड वाढली, दुसरी शेड झाली, दैवशालाला टेबल मिळालं, मग काचेचं केबिन. पण बायका ऐकायच्या गोपिकाबाईचं. एका मे महिन्यात शेडचे पंखे बंद पडले होते. दोन दिवस सगळ्या नुसत्या कुरकुरत होत्या. तिसऱ्या दिवशी गोपिकाबाई काही न बोलता उठली, आपली चटई गुंडाळली, बाहेर जाऊन लिंबाखाली बसली, आणि जिभेनं टाळूला तो एक आवाज काढला, कळप वळवताना काढतात तसा. एकेक चटई उचलली गेली. सगळी शेड लिंबाखाली येऊन बसली. ना घोषणा, ना भांडण. दुपारच्या जेवणाआधी पंखे फिरायला लागले होते. शेठ केबिनच्या काचेतून ते बघत होते आणि शेजारी उभ्या दैवशालाला म्हणाले होते, “या बाईचं काही सांगता येत नाही हो.” त्यांच्या आवाजात कौतुक होतं. आणखीही काहीतरी होतं, ते दैवशालाला तेव्हा ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं होतं.

“शिवकन्याचं कळलं का?” गोपिकाबाईनं विचारलं.

“न्हाई. काय?”

“उसाला गेली. नवऱ्यासंगं. शहागडला ट्रकमधी बसली, लेकरू काखंला, भांडी पोत्यात. तिकडून फोन आल्ता तिचा. म्हणली, मावशी, हात सोलून निघाले. मी म्हणलं बाई, तुझे हात बी निवडायचे, कोयत्याचे कुठून असतील.”

“कशी हाय?”

गोपिकाबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. रस्त्याच्या कडेच्या झाडाकडं पाहावं तसं तिनं पाहिलं आणि म्हणाली, “कशी असंल, मॅडम?”

शिवकन्या. शेडमधली सगळ्यात धाकटी. तिचा आवाज बारीक होता आणि ती निवडता निवडता गुणगुणायची. काय गुणगुणायची ते कधी नीट कळायचं नाही, पण ती सुट्टीवर असली की शेड मुकी वाटायची. रामनवमीला सगळ्या बायका टेम्पो करून जांब समर्थला गेल्या होत्या, तेव्हा ती पोटुशी होती आणि वाटेत सारखी उलट्या करत होती, आणि गोपिकाबाई तिचं कपाळ धरून बसली होती. परत येताना अंधारून आलं, टेम्पोत सगळ्या पेंगल्या, आणि गोपिकाबाईचं डोकं दैवशालाच्या खांद्यावर आलं. जड, तेलाच्या वासाचं, निवांत डोकं. तिचा खांदा दुखायला लागला तरी ती हलली नव्हती. तेव्हा ती केबिनमध्ये बसायला लागून बरेच दिवस झाले होते. तरी ते डोकं तिच्या खांद्यावर आलं होतं. आता रिक्षात तोच खांदा त्या बाईला टेकलेला होता आणि ती बाई प्रत्येक वळणाला अंग चोरून घेत होती, मॅडमच्या साडीची इस्त्री मोडू नये म्हणून.

“तुमच्या कार्यक्रमात काय हाय?” गोपिकाबाईनं विचारलं.

“बोलायचंय थोडं.”

“कशाचं?”

“असंच. बायकांचं.” खोटं किती पटकन येतं, तिला नवल वाटलं.

“चांगलं हाय. तुम्हाला बोलता येतंच.” आणि हे म्हणतानाही तिच्या आवाजाला कुठं काटा नव्हता. दैवशालानं काटा शोधला, सगळीकडं चाचपून शोधला. तो नव्हता.

अंबड चौफुलीला गोपिकाबाई उतरली. बोचकं काखेला मारलं, दोन पावलं गेली आणि परत वळली. “थांबा,” ती रिक्षावाल्याला म्हणाली. मग आत वाकून तिनं दैवशालाच्या खांद्यावरच्या पदराची निसटलेली पिन काढली, पिन दातांत धरली, निऱ्या एकीवर एक बसवल्या, पिन लावली आणि वरून हात फिरवला. “आता बराबर हाय. चार लोकांत जायचंय.” आणि गेली. दैवशालाला म्हणायचं होतं, मला अगं म्हण. एकदा. हा रस्ता आहे, इथं शेड नाही, केबिन नाही. पण तोवर रिक्षा हलली होती आणि समोरच्या पोरांतला एक तिच्याकडं बघत होता, कारण तिचं तोंड उघडं होतं.

सभागृहात गारवा होता आणि अत्तराचा, कॉफीचा, नव्या गालिच्याचा वास. तिला पहिल्या रांगेत बसवलं. टेबलावर बडीशेपेची वाटी होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण त्यातल्या काड्या बाजूला काढून बशीच्या कडेला नीट ओळीनं मांडतोय. तिनं हात मांडीखाली दाबून धरले. राधेश्यामशेठ माईकवर होते. “आमच्याकडं रंग ओळखून खराब बी उडवणारं मशीन आलं,” ते सांगत होते. “मशीन आलं म्हणजे माणसं कमी करावी लागतात, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कुणाला आवडत नाही ते. मी तर आठवडाभर जेवलो नाही नीट. पण निम्म्याहून जास्त बायका कमी झाल्या, आणि गेटवर एक घोषणा नाही, एक शिवी नाही. जाताना नमस्कार करून गेल्या. हे कसं झालं? मी केलं नाही. मी फक्त दैवशालाताईंवर विश्वास टाकला. आता त्यांच्याच तोंडून ऐका.”

विश्वास टाकला हे खरं होतं. मशीन यायच्या आधी त्यांनी तिला केबिनमध्येच, तिच्याच केबिनमध्ये येऊन, समोरच्या खुर्चीत बसून सांगितलं होतं, “कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, हे तुम्ही ठरवा ताई. मी मधे पडणार नाही. तुम्ही त्यांच्यातून आल्यात, तुम्हाला माणसं कळतात.” आणि लगोलग तिला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. पुण्याहून आलेले एक सर होते, गोऱ्या मनगटाचे, हळू बोलणारे. त्यांनी शिकवलेलं सगळं तिला पाठ झालं, कारण ते खरं होतं. अवघड गोष्ट दुसऱ्याकडून कळवू नका, स्वतः सांगा. एकेकाला, एकांतात सांगा. टेबलाच्या पलीकडं बसू नका, टेबल मध्ये आलं की माणूस आरोपी होतो. मानानं हाक मारा. निर्णय पहिल्याच वाक्यात सांगा, आशेला लोंबकळत ठेवू नका. मग गप्प राहा, समोरच्याला बोलू द्या. आणि रडू नका. तुम्ही रडलात तर समोरच्याला स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तुमची समजूत काढावी लागते. हे शेवटचं ऐकून दैवशालाच्या अंगावर काटा आला होता, इतकं ते बरोबर होतं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सरांनी सहज एक प्रश्न टाकला होता: “तुमच्या ठिकाणी लोक खरं कुणाचं ऐकतात? पाटीवरचं नाव सांगू नका. मनात शोधा.” सगळे विचारात पडले. दैवशालाला शोधावं लागलं नाही. तिला लिंबाखालच्या चटया दिसल्या.

ती बोलायला उभी राहिली. माईक तिच्या उंचीला खाली केला गेला. पहिलं वाक्य निघालं आणि मग ती बोलत गेली, चांगलं बोलत गेली. लेक आकांक्षानं फोनवर दोनदा म्हणवून घेतलं होतं तसं, मध्ये थांबत, समोर बघत. “टेबल मधे ठेवू नका,” ती म्हणाली, आणि तिला स्वतःचं टेबल दिसलं, भिंतीकडं सरकवलेलं, त्याच्या पायांचे फरशीवर उमटलेले पांढरे ओरखडे. गोपिकाबाईला सगळ्यांत आधी बोलावलं होतं. वयानं मोठी, कामावर सगळ्यांत जुनी, पहिला मान तिचा. गोपिकाबाई आत आली आणि सवयीनं खालीच बसली, फरशीवर. “वर बसा, खुर्चीत,” दैवशाला म्हणाली होती. “हितंच बरं हाय गं,” ती म्हणाली. पण शिबिरात शिकवलं होतं की दोघांचे डोळे एका उंचीवर पाहिजेत. तिनं धरून तिला खुर्चीत बसवलं. गोपिकाबाई बुटकी. खुर्चीत तिचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. ती शाळेतल्या पोरीसारखी पाय लोंबकळत बसली आणि काचेतून पलीकडं आपली चटई कुणी सरकवली तर नाही ना, हे बघत राहिली.

“निर्णय पहिल्या वाक्यात सांगा,” दैवशाला माईकवर म्हणाली. “गोपिकाबाई, पुढच्या महिन्यापासून तुमचं काम बंद होतंय. हा निर्णय झालाय,” ती केबिनमध्ये म्हणाली होती. तुमचं. हा शब्द आधी तिनंच उच्चारला होता. आज रिक्षात ज्या शब्दानं तिला अडकवलं, त्याची सुरुवात त्या खुर्चीपाशी झाली होती, आणि ती तिनं केली होती, मानानं हाक मारा असं शिकवलं होतं म्हणून. गोपिकाबाईनं ते वाक्य ऐकलं. तिनं कपाळाला आठी घातली नाही, पदर डोळ्याला लावला नाही. बराच वेळ दैवशालाच्या तोंडाकडं बघत राहिली, जशी एखाद्या शेजारणीनं विणलेली नवी नक्षी बघावी, आणि खऱ्याच कुतूहलानं म्हणाली, “असं बोलायला कुठं शिकलीस गं?”

तो शेवटचा ‘गं’.

“अन् बाकीच्या?” तिनं नंतर विचारलं होतं.

“एकेकीला बोलवणार हाय.”

“शिवकन्या?”

दैवशाला गप्प राहिली. गप्प राहायचं असतं, हेही शिकवलं होतं.

“तिचं लेकरू अजून अंगावर पितंय,” गोपिकाबाई म्हणाली. मग खुर्चीवरून घसरत उतरली, पाय जमिनीला लागल्यावर तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. दाराशी थांबली. “सगळ्याजणींला असं आत बसवू नका. घाबरतील. मी सांगते त्यायला बाहेर. तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई, मॅडम.” आणि तिनं सांगितलं. काचेतून दिसलं: ती मध्ये उभी, बायका भोवती, कुणीतरी हात झटकले, नंदाबाई मोठ्यानं काहीतरी ओरडली आणि गेटकडं निघाली, आणि गोपिकाबाईनं तो टाळूचा आवाज काढला. नंदाबाई थांबली. काचेपलीकडं दैवशालाला तो आवाज ऐकू आला नाही, पण नंदाबाईच्या पाठीवरून तिला तो दिसला. आणि तेव्हा तिच्या आत काहीतरी सैल झालं. तिला वाटलं होतं हे दुःख आहे. ती टेबलाला धरून उभी राहिली आणि त्याला दुःखच म्हणत राहिली. मग एकेक बाई आत आली, खुर्चीत बसली, ऐकून घेतलं, नमस्कार करून गेली. शिवकन्यानं तर विचारलं, “मावशी म्हणली तुमचा इलाज न्हाई. बराबर ना, मॅडम?” बराबर, दैवशाला म्हणाली.

सभागृहात टाळ्या वाजल्या. त्या बराच वेळ वाजल्या. मागच्या रांगेतले काही उभे राहिले. राधेश्यामशेठच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. कुणीतरी तिला शाल दिली, कुंडीतलं रोप दिलं, फोटो काढले. ती हसली. हसताना तिला वाटत होतं की आता कुणीतरी उठावं आणि विचारावं, त्या बायका आता कुठं आहेत? तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. सरळ, एका वाक्यात: एक पोळ्या लाटते, एक ऊस तोडते, बाकीच्यांचं मी विचारलेलं नाही. कुणी विचारलं नाही. एकानं मशीन कुठून आणलं ते विचारलं. एकानं शिबिर घेणाऱ्या सरांचा नंबर.

जेवणाच्या वेळी ती ताट घेऊन कोपऱ्यात उभी होती. समोर पोळ्यांची चवड होती, पातळ, एकसारख्या. तिनं पोळी घेतली नाही, भात घेतला. तेवढ्यात एक तरुण तिच्यापाशी आला. हरिओम नाव सांगितलं. वडिलांचा पाण्याच्या पाइपांचा कारखाना. वडील आजारी पडल्यापासून हाच बघतो. शर्टाची इस्त्री कडक, पण हातातलं ताट त्यानं तसंच भरलेलं धरलं होतं, एक घासही मोडला नव्हता. डोळे जागरणानं लाल.

“मॅडम, तुमचं सगळं पटलं. टेबलाचं, पहिल्या वाक्याचं, सगळं,” तो म्हणाला. “पण एक राह्यलं. मला पण माणसं कमी करायचीयेत. या आठवड्यात. मला झोप न्हाई, खरं सांगतो. लोक गेटवर बसतील, वडिलांच्या कानावर जाईल, त्यांना सहन व्हायचं न्हाई.” त्यानं आवाज खाली घेतला. “सुरुवात कुणापासून करायची?”

दैवशालानं घास खाली ठेवला. उत्तर तिला माहीत होतं. वयानं मोठ्यापासून, मानाप्रमाणे. हे उत्तर तिनं स्वतःला इतक्यांदा दिलं होतं की त्याला आता धार उरली नव्हती. तेच ती देणार होती. तिचं तोंड उघडलं, आणि तिला ऐकू आलं की ती म्हणतेय, “ज्याचं सगळे ऐकतात त्याच्यापासून.”

“म्हणजे?”

“तो शेवटी राहिला तर बाकीच्यांना घेऊन उठतो. तो आधी गेला तर… तोच बाकीच्यांना समजावतो.”

एवढंच बोलून ती थांबली. कुठून आलं हे? ती त्या वाक्याकडं बघत राहिली. कुणी शिकवलं नव्हतं ते. पुण्याच्या सरांनी नुसता प्रश्न टाकला होता. उत्तर तिनं त्या दुपारी, लिंबाखालच्या चटया डोळ्यांसमोर असताना, स्वतःचं स्वतः शोधलं होतं, आणि मग त्याच्यावर मानाचं पांघरूण घातलं होतं, वयाचं घातलं होतं, खुर्चीचं घातलं होतं. गोपिकाबाईला ठेवता आलं असतं. तिचे डोळे धड होते, बोटं सगळ्यांत चालती होती. ती नको होती म्हणून गेली नाही. ती गेली, कारण तिनं चटई गुंडाळली असती.

“आमच्याकडं बिभीषणकाका हायेत,” हरिओम हळूच म्हणाला, जणू स्वतःशी. “फोरमन. मला खांद्यावर बसवून पोळ्याला बैल दाखवायला नेल्तं त्यांनी. आमच्या घरचेच म्हणा. त्यांचा शब्द खाली पडत न्हाई कारखान्यात. मी तर त्यांना ठेवणार होतो…” तो बोलता बोलता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मग स्थिर झालं. दैवशालाला ते हलणं ओळखू आलं. तिनं ते काचेत पाहिलं होतं, स्वतःच्या तोंडावर.

आता बोलायचं होतं. आता, या क्षणी, एक शब्द पुरेसा होता. नको. किंवा थांब. किंवा नुसतं त्याच्या हाताला धरायचं. तिनं तोंड उघडलं. शेठ पलीकडून तिच्याकडं बघून हात हलवत होते, कुणाशी तरी ओळख करून द्यायची होती. खांद्यावरची शाल घसरत होती. हरिओम तिच्याकडं बघत होता, इतक्या विश्वासानं, की तिला तो मोडवेना.

“त्यांना दुखेल,” ती एवढंच म्हणाली.

“दुखेल,” तो म्हणाला. “पण ते समजून घेतील. ते तसेच हायेत.”

“हो,” दैवशाला म्हणाली. “तसेच असतात.”

त्यानं ताट टेबलावर ठेवलं आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. सरळ झाला तेव्हा त्याचे खांदे खाली आले होते, कुणी ओझं उतरवून घेतल्यासारखे. अनेक दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागल्यासारखं दिसत होतं. त्यानं तिथंच खिशातून फोन काढला, कानाला लावला, दुसऱ्या हातानं पोळीचा तुकडा मोडला. “हॅलो, काका,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ होता, आदराचा होता, जसा असायला हवा तसाच होता. “जेवण झालं का तुमचं? बरं. उद्या सकाळी जरा माझ्याकडं येऊन जाता का? न्हाई न्हाई, काळजीचं काही न्हाई. तुमच्याशी आधी बोलायचंय.”